ज्ञात शेवट आणि उत्कंठेची नीती

थरारपटाविषयी लिहिताना एक समजूत सहसा तपासली जात नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसते म्हणून प्रेक्षक खिळून राहतो, ही ती समजूत. ती खरी असती तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) दुसऱ्यांदा पाहण्यात काही हशील उरले नसते. ‘मेरा साया’ (1966) या त्याच्या हिंदी रूपाकडे मराठी प्रेक्षकाने पाठच फिरवली असती. प्रत्यक्षात शेवट ठाऊक असूनही श्वास रोखला जातो. तेव्हा उत्कंठेचे मूळ अज्ञानात नसून ज्ञानाच्या वाटपात शोधले पाहिजे. कोणाला, काय, केव्हा कळू द्यायचे हा या चित्रप्रकाराचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि तो केवळ तंत्राचा नाही, नीतीचाही आहे.

त्रुफोबरोबरच्या प्रसिद्ध संभाषणात हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. बॉम्ब अकस्मात फुटला तर प्रेक्षकाला क्षणाचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितले, आणि गप्पा मारणाऱ्यांना मात्र सांगितले नाही, तर त्याच निरर्थक गप्पा असह्य होतात. धक्का अज्ञानावर पोसला जातो, उत्कंठा ज्ञानावर. परंतु हे ज्ञान हतबल असते. प्रेक्षक जाणतो, पण ओरडून सांगू शकत नाही. या हतबलतेची हमी म्हणून दिग्दर्शकाकडून तो काहीतरी अपेक्षितो, आणि ती हमी मोडली की त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. ‘सॅबोटाज’मध्ये (1936) नकळत बॉम्ब घेऊन निघालेला मुलगा बसमध्ये मरतो. ही आपली चूक झाली, असे हिचकॉकने पुढे मान्य केले. त्याने ती परिणामाच्या हिशेबात मांडली. मला ती कराराच्या भंगासारखी वाटते.

ज्ञात शेवट असलेल्या कथेचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. त्याचा एक धागा थेट आजच्या वाशिमपर्यंत जातो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच नगरात लावला आहे. वाकाटकांच्या येथील शाखेचा परिचय 1939 मध्ये मिळालेल्या वाशिम ताम्रपटामुळे झाला. तिचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृत कवीही होता. त्याचे ‘हरिविजय’ आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनाने त्याची आठवण एका नेमक्या संदर्भात ठेवली आहे. परंपरेने आलेल्या कथेतील प्रसंग रसाला प्रतिकूल असेल तर कवीने तो सोडावा आणि रसोचित असा नवा कल्पावा, या मुद्द्यावर तो कालिदासाच्या जोडीने सर्वसेनाचे नाव घेतो. अभिनवगुप्ताच्या खुलाशाप्रमाणे, प्रियेच्या अनुनयाचे अंग म्हणून आलेले पारिजातहरण हा तो नवा प्रसंग.

यावरून उत्कंठेच्या दृष्टीने एक गोष्ट अनुमानता येते. कृष्ण जिंकणार हे श्रोत्याला ठाऊकच होते. कवीने त्या विजयावरचे लक्ष हलवून रुसलेल्या प्रियेवर नेले. ‘जिंकेल का?’ या मेलेल्या प्रश्नाच्या जागी ‘तिचा राग जाईल का?’ हा जिवंत प्रश्न आला. ज्ञात कथेत उत्कंठा निर्माण करायची तर प्रश्नच बदलावा लागतो. (‘उत्कंठा’ हा शब्दही मुळात विरहातला आहे. मान उंचावून वाट पाहणे त्यात आहे, भीती नाही. मराठीने तो रहस्यकथेला कधी बहाल केला, हे कोणी शोधले पाहिजे.)

‘पाठलाग’मध्ये हीच प्रश्नाची अदलाबदल दुसऱ्या पाहण्यात घडते. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात एका वकिलाने आपल्या पत्नीचे अंत्यसंस्कार स्वतःच्या हातांनी केले आहेत. पुढे एक आरोपी स्त्री त्याच्यासमोर उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. दोघींचे रूप एक. पती-पत्नीखेरीज कोणाला ठाऊक नसावे असे ती सांगू लागते. कॅमेरा वकिलाच्या बाजूने उभा आहे. त्याला जितके कळते तितकेच आपल्याला कळते, त्याला जितका संशय येतो तितकाच आपल्याला येतो. पहिल्या पाहण्यात ही स्त्री म्हणजे एक कोडे असते. तिच्या हुंदक्यात आपण अभिनय शोधतो, तिच्या बोलण्यातल्या फटी हेरतो, ती कुठेतरी चुकेल म्हणून टपून बसतो. मग कळते की ती खरे बोलत होती. मेली ती दुसरी.

आता पुन्हा तोच खटला पाहावा. ‘ही कोण?’ हा प्रश्न संपलेला आहे. त्याच्या जागी ‘हिच्यावर कोणीतरी विश्वास ठेवील का?’ हा प्रश्न येतो. स्वतःच्या नवऱ्याकडून भर न्यायालयात उलटतपासणी होत असलेली, आपल्या सहजीवनाच्या खुणा पुरावा म्हणून मांडावी लागणारी स्त्री आपल्यासमोर उभी राहते. एकही चौकट बदललेली नसते, पण रहस्यपटाची शोकांतिका झालेली असते. पहिल्या वेळचा आपला आनंद कशावर उभा होता, हेही तेव्हा कळते: एका निरपराध स्त्रीवरील अविश्वासावर. हा अविश्वास चित्रपटाने आपल्याकडून उसना घेतला, असे म्हणणे पुरेसे नाही. तो आपल्याजवळ तयारच होता, म्हणून तर तो इतक्या सहज मिळाला. ‘पाठलाग’ आपल्याला याचा जाब विचारीत नाही. उकल होताच तो सुखान्ताकडे वळतो. त्याची मर्यादा मला इथे दिसते. मात्र दुसरे पाहणे शक्य करून त्याने जाब विचारण्याची जागा मोकळी ठेवली आहे, हेही नमूद केले पाहिजे.

‘पाठलाग’मधील स्त्री कल्पित आहे, म्हणून हा अपराध आस्वादाच्या मर्यादेत राहतो. अभिनवगुप्ताने भयानकाची चर्चा करताना शाकुंतलातील पाठलागाचेच उदाहरण घेतले, हा योगायोग लक्षणीय आहे. दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून धावणाऱ्या हरिणाचे भय प्रेक्षकाला ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ असे जाणवत नाही. देशकाल गळून भयच तेवढे उरते, म्हणून ते आस्वाद्य होते. याउलट स्वतःच्या वा परक्याच्या विशिष्ट देशकालात अडकून पडणे, हे तो रसाचे विघ्न मानतो.

पण धावणारे हरीण खरे असेल तर? मानवत येथे 1972 पासून स्त्रिया आणि लहान मुलींच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या अंधश्रद्धेशी ती जोडली गेली. मानवत तेव्हाही परभणी जिल्ह्यातच होते. हिंगोली जिल्हा वेगळा व्हायचा होता आणि वाशिम अकोल्यात होते, म्हणजे परभणीची सीमा वाशिमच्या मुलखाला भिडलेली होती. या घटनांवर विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून अमोल पालेकर यांनी ‘आक्रीत’ (1981) केला. रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासाच्या आठवणींवर आधारित ‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे यांची मालिका 2024 मध्ये आली.

दोन्हींची कलात्मक तुलना हा स्वतंत्र विषय आहे. इथे प्रश्न ज्ञानाच्या वाटपाचा. तपासाच्या बाजूने सांगितलेल्या कथेत, दिग्दर्शकाची इच्छा असो वा नसो, प्रत्येक नवे प्रेत हा एक दुवा होतो. उकल पुढे सरकायची तर आणखी एक मुलगी सापडावी लागते, आणि उकलीसाठी आतुर झालेला प्रेक्षक नकळत त्या सापडण्याची वाट पाहू लागतो. ‘आक्रीत’ची बांधणी ‘कोणी केले?’ या प्रश्नावर उभी नाही. करणारे आपल्यासमोरच वावरतात, बोलतात, ठरवतात. हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब इथे वाड्यात बसलेला आहे आणि तो काढून टाकण्याची कोणाची इच्छा नाही. आपल्याला गुन्हेगारांच्या सहवासात बसवण्याचा धोका हा चित्रपट पत्करतो. तो सहवास काही ठिकाणी आकर्षक होण्याच्या बेतात येतो, हा आक्षेप मला अयोग्य वाटत नाही. तरीही मारल्या जाणाऱ्या मुलीला दुवा करण्याची वाट त्याने सोडली, हे मी अधिक मोलाचे मानतो.

आनंदवर्धनाने कवीला दिलेली मुभा कृष्णकथेपुरती ठीक होती. तिथे प्रसंग बदलल्याने कोणाचे घर दुखावत नव्हते. मानवतची गोष्ट शेजारच्या तालुक्यात घरोघरी ऐकलेल्या माणसासाठी पडद्यावरची मुलगी ‘भय’ होत नाही, ती कोणाची तरी मुलगीच राहते. त्याच्या आस्वादात अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न तंतोतंत हजर आहे. दिग्दर्शकाने आपले सारे कसब वापरून ते दूर करावे, अशी मागणी रससिद्धान्ताच्या नावाने करता येईल. अशा कथेपुरते तरी ते विघ्न राहू द्यावे असे मला वाटते, त्यासाठी थरार थोडा उणावला तरी चालेल.