दशांश चिन्ह सरकतं तेव्हा

मिलिमीटरला दहाने भागलं की सेंटीमीटर, सेंटीमीटरला शंभराने भागलं की मीटर, मीटरला हजाराने भागलं की किलोमीटर. शाळकरी मुलालाही येणारं गणित. दशांश चिन्ह कितीही घरं सरकवा, कापड बोटभरसुद्धा वाढत नाही की आटत नाही.

मग नुसतं एकक निवडण्यात खोटेपणा असू शकतो का?

आपली भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत दोन सेंटीमीटर गेली, तर "अहो, ०.०२ मीटर, ते काय धरायचं?" शेजाऱ्याचं कुंपण तेवढंच इकडे आलं, की "चांगलं वीस मिलिमीटर!" आकडे दोन्ही बरोबर, गुरुजी दोन्हींना पूर्ण गुण देतील. आपण बायकाही यात मागे नाही. मुलगी सासरी उलट बोलली तर ०.०२, सून बोलली तर वीस!

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांत एक 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे घेताना माप मोठं, देताना लहान. पाठशाळेत आपण ते पाठ करतो आणि दुकानदारांसाठी म्हणून सोडून देतो. वार ९१.४४ सेंटीमीटरचा. मीटरचा भाव घेऊन वाराने मोजून दिलं, तर दहा मीटरमागे जवळजवळ ८६ सेंटीमीटर जातात, एका ब्लाउजपीसचं कापड! ही चोरी चटकन दिसते. भिंतीची दिसत नाही, कारण तिथे आकडा खरा असतो.

खुद्द मीटरची गोष्टही अशीच विचारात पाडणारी आहे. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं फ्रान्समध्ये ठरलं. त्यासाठी १७९२ साली देलांब्र आणि मेशँ हे दोन ज्योतिर्विद डंकर्क ते बार्सिलोना या पट्ट्याचं मोजमाप करायला निघाले. बार्सिलोनाच्या निरीक्षणांत मेशँला मेळ लागेना. त्याने ते लपवलं आणि पुढे आयुष्यभर कुढत राहिला. १८०४ मध्ये स्पेनमध्ये पुन्हा मोजमाप करतानाच तापाने गेला. त्याच्या वह्या हाती आल्यावर देलांब्रला सगळं कळलं.

मीटर खरोखरच सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड निघाला. पण त्याचं मुख्य कारण पृथ्वीच्या चपटेपणाचा चुकलेला अंदाज, मेशँचं बार्सिलोना नव्हे. म्हणजे त्याच्या लपवण्याने कुणाचं फारसं नुकसान झालंच नव्हतं. "एवढंसं तर आहे," असं तो स्वतःला सहज म्हणू शकला असता. त्याला काही ते म्हणवलं नाही.