किल्ली हरवलेल्याची मालकी

सायकलच्या मागच्या चाकाला बसवलेले गोल कुलूप किल्ली नसली की मालकाला आणि चोराला सारखेच अडवते. उपायही दोघांना एकच. मागचे चाक हाताने उचलून धरायचे, पुढच्या चाकावर सायकल ढकलत दुरुस्तीचे दुकान गाठायचे आणि कुलपाची दांडी ब्लेडने कापून घ्यायची, नाहीतर कुलूप ज्या स्क्रूंनी आवळले आहे ते काढायचे. जालन्याच्या मामा चौकातून असे चाक उचलून चाललेल्या माणसाकडे नुसते बघून तो मालक की चोर हे कुणालाच सांगता येणार नाही. मग एकाच्या हातून घडते ते साधे काम आणि दुसऱ्याच्या हातून घडतो तो अधर्म, हा फरक राहतो कुठे? माझे म्हणणे असे की तो किल्लीत राहत नाही आणि तोडणाऱ्याच्या एकट्या मनातही राहत नाही. वस्तू त्याच्याकडे कशी आली हे जाणणाऱ्या, विचारले तर सांगू शकणाऱ्या माणसांत तो राहतो. म्हणून कुलूप तोडणाऱ्याने चारचौघांच्या प्रश्नाला सामोरे जाणे हा त्याच्या धर्माचाच भाग आहे.

रूढ समजूत वेगळी आहे. मन स्वच्छ असले की झाले, असे आपण मानतो, आणि या समजुतीला भक्कम आधारही आहे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या बुद्धविहारांत पंचशील म्हटले जाते. त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे. त्याचा उलगडा करताना थेरवादी अट्ठकथांनी, म्हणजे पाली भाष्यांनी, चोरीची पाच अंगे मोजली: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे याची जाण, चोरण्याचा हेतू, प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने वस्तू जागची हलणे. पाचांपैकी एक जरी नसले तरी शील मोडत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात न दिलेले घेणे हीच चोरीची व्याख्या केली, आणि जैन साधू गवताची काडीसुद्धा कुणी दिल्याशिवाय उचलत नाहीत. या दोन्ही परंपरांनी मनाला मोठे स्थान दिले हे खरेच. पण ती पाच अंगे पुन्हा वाचावीत. जाण आणि हेतू मनातले आहेत. पहिले अंग, वस्तू कुणाची आहे हे, मनाबाहेरचे आहे. माझे मन कितीही निर्मळ असले तरी त्या निर्मळपणाने सायकल माझी होत नाही.

हे ताणून काढलेले उदाहरण नव्हे. मानव विकास कार्यक्रमातून जालना जिल्ह्यात शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या सायकली शाळेच्या आवारात ओळीने लागलेल्या असू शकतात. किल्ली हरवलेली मुलगी अगदी शुद्ध मनाने मैत्रिणीच्या सायकलचे कुलूप तोडून बसू शकते. तिला पाप लागले असे कुठलाच धर्म म्हणणार नाही, पण सायकल मैत्रिणीचीच राहते. पाप आणि मालकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दिल्याने दुसरा सुटत नाही.

दुसऱ्या, मालकीच्या प्रश्नाचा कसून विचार केला तो विज्ञानेश्वरांनी. याज्ञवल्क्यस्मृतीवरची त्यांची मिताक्षरा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातली, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिलेली. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलाच लागून आहे. वारशाच्या प्रकरणात ते विचारतात, मालकी शास्त्रातून कळते की लोकव्यवहारातून? त्यांचे उत्तर लोकव्यवहाराच्या बाजूचे आहे. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे सीमेपलीकडचे लोकसुद्धा खरेदी-विक्रीतून आपले-परके ओळखतात, हा त्यांचा पुरावा. यावर प्रतिपक्ष जो आक्षेप घेतो तो थेट आपल्या सायकलपर्यंत येतो. मालकी जर सोन्याच्या सोनेपणासारखी उघड दिसणारी गोष्ट असेल, तर माझी वस्तू याने पळवली असे म्हणताच येणार नाही. ज्याच्या हाती वस्तू, तोच मालक दिसेल. विज्ञानेश्वर उत्तर देतात की संशय येतो तो वस्तूबद्दल नव्हे, ती कशी मिळाली याबद्दल. खरेदी झाली की नाही याची शंका असते म्हणून मालकीची शंका येते. किल्ली हे मिळवण्याच्या त्या वाटेचे केवळ एक चिन्ह आहे. ते हरवले तर वाट पुसली जात नाही, मात्र ती दुसऱ्या चिन्हांनी दाखवावी लागते.

इथे कुणी विचारील, स्वतःच्या वस्तूसाठी परक्याला उत्तर देण्यात अपमान नाही का? मला तो दिसत नाही. हरवलेली वस्तू राजाकडे जमा झाली असेल तर मागणाऱ्याने खुणा सांगून ती घ्यावी, आणि खुणा पटवता आल्या नाहीत तर वस्तूच्या किमतीइतका दंड भरावा, असे याज्ञवल्क्य सांगतात. नियम मागणाऱ्याला चोर मानत नाही, त्याला बोलायची जागा देतो. भारतीय दंड संहितेत घड्याळाचे एक उदाहरण होते: दुरुस्तीचे पैसे थकले म्हणून कारागिराने हक्काने ठेवून घेतलेले घड्याळ त्याचे तारण बुडवण्यासाठी मालकानेच उचलून नेले, तर ती चोरी ठरते. आपली वस्तूसुद्धा दुसऱ्याच्या हक्काला वळसा घालून घेता येत नाही. त्यापुढे दुकानदाराने ‘कुणाची आहे ही?’ असे विचारणे किती साधे! मडगार्डचा पोचा, चेनकव्हरवर रंगवलेले नाव, शेजाऱ्याचा एक शब्द एवढ्यावर काम भागते.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला जात नाही. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाचे कुलूप कुणी न विचारता कापतो. फासेपारध्याच्या मुलाने सायकल आणली तर आधी त्याची जात विचारली जाते. इंग्रजांनी 1871 मध्ये माणसांच्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला; तो 1952 मध्ये रद्द झाला, पण त्याने शिकवलेली नजर रद्द झाली नाही. मालकी जर लोकांच्या साक्षीवर उभी असेल, तर ज्याची साक्ष कुणी ऐकत नाही त्याच्याकडे पैसे मोजून घेतलेली सायकलसुद्धा कायम चोरीची ठरते. या आक्षेपाने माझे म्हणणे ढासळत नाही, त्याचा उरलेला अर्धा भाग समोर येतो. विचारणाराही बांधलेला आहे. विज्ञानेश्वरांच्या हिशेबात संशयाचा विषय वस्तू मिळाल्याची वाट आहे, माणसाचा जन्म नव्हे. जन्मावरून संशय घेणाऱ्याने विचारण्याचा हक्कच गमावला. तेव्हा दुकानदाराने इस्त्रीच्या शर्टालाही ‘कुणाची आहे ही?’ असे विचारावे, आणि पारध्याच्या मुलाने पोचा कुठे आहे ते सांगितले, वस्तीतल्या कुणी होकार दिला, की ब्लेड हातात घ्यावे. चौकीला फोन लावू नये.