तीच का?

माळ्यावरच्या ट्रंकेत दादाची, खाचेतून पळणारी विजेची मोटारगाडी सापडली. विलायतेत १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक निघाले आणि या खेळाचे वेड पसरले. आमच्याकडे गाडी मामांनी आणली. दादा आता नाही. त्याच्या नातवाला ती पळताना पाहायची होती.

मोटर उघडली. कोळशाचे ब्रश झिजलेले, कम्युटेटर काळवंडलेला, आर्मेचरच्या तीन वेटोळ्यांपैकी एक तुटलेले. अल्निकोच्या चुंबकातून आर्मेचर काढले की त्याची शक्ती उतरते. म्हणून मध्ये लोखंडाचा तुकडा बसवून ठेवला. जुनी तार उलगडताना वेढे मोजले, तितकेच नव्या तारेचे घातले. ब्रश तर नवेच. गाडी पळाली.

"धाकटे आजोबा, ही आजोबांचीच ना?"

हो म्हणावे, तर अर्धी लबाडी.

आमच्या गावात, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढले. त्याला मिलिंदाचे नाव मिळाले, परिसराला नागसेनाचे. त्या नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते: आस म्हणजे रथ का? चाके? जू? नव्हे, सारे जुळले की आपण त्याला रथ म्हणतो, इतकेच. युक्तिवाद बिनतोड खरा. पण राजाचा रथ काही गेलेल्या भावाचा नव्हता!

"चुंबक आजोबांचा, तार माझी," मी म्हणालो.

"मग त्यांची तार कुठंय?"

ती मी काडेपेटीत ठेवली होती.