निकाहपूर्वीची चाचणी : संशय की अमानत?

इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ मस्जिदीत थांबून राहिले. सारे नमाजी गेल्यावर त्यांनी दबक्या आवाजात विचारले, "मौलाना, मुलीची सोयरीक ठरली आहे. मुलगा चार वर्षे सुरतेला कामाला आहे. त्याच्या रक्ताची चाचणी मागितली तर ती बदगुमानी होईल का?" मी क्षणभर निरुत्तर झालो. आजवर धरणगावात मी जेवढे निकाह पढविले, त्या प्रत्येक वेळी महरची रक्कम मोठ्याने विचारली. हा विषय मात्र एकदाही काढला नाही.

प्रिय वाचकहो, त्यांची अडचण खरी होती. सूरह अल-हुजुरातमध्ये अल्लाहने संशय घेण्यास आणि दुसऱ्याचे दोष हुडकण्यास मनाई केली आहे. परंतु सहीह मुस्लिममधील हजरत फातिमा बिन्त कैस (र.) यांचा प्रसंगही आठवावा. दोन स्थळे आली असता त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला घेतला. प्रेषितांनी (स.) एकाची गरिबी आणि दुसऱ्याचा कठोर हात, दोन्ही स्पष्ट सांगितले. ज्या गोष्टीचा भार उद्या पत्नीला वाहावा लागणार, ती तिला आधी कळणे हा तिचा हक्क आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. गतकाळातील गुनाह हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील विषय आहे. अल्लाहने झाकलेले पाप स्वतः उघड करणे हदीसमध्ये निंद्य मानले आहे. म्हणून कोणी कोणाचा भूतकाळ उकरू नये. आजार मात्र जोडीदाराच्या देहापर्यंत पोहोचतो. तौबेने गुनाह माफ होतो, रक्तातील विषाणू जात नाही. गुनाह झाकावा, धोका झाकू नये. शिवाय एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे आजार दूषित सुईतून, रक्तातून किंवा जन्मतः आईकडूनही येतात. म्हणून अहवाल हा चारित्र्याचा दाखला नव्हे.

मग सक्ती करावी काय? गोव्यात २००६ मध्ये विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. २०१९ मध्ये त्याची पुन्हा चर्चा झाली. परंतु २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा संमतीशिवाय चाचणीला मनाई करतो आणि अहवाल गुप्त ठेवण्याची हमी देतो. सक्तीने कागद मिळतो, प्रामाणिकपणा मिळत नाही. शिवाय नुकताच झालेला संसर्ग पहिल्या चाचणीत दिसेलच असे नाही. धोका घडला असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते.

आता तरुणांशी थेट बोलतो. पाकदामनी हे पहिले आणि खरे संरक्षण आहे. निकाहबाहेरचा संबंध हराम आहे, तो कोणत्याही साधनाने हलाल होत नाही. तरीही कोणाचा पाय घसरला असेल, तर लाजेने आजार लपवून दुसरा गुनाह जोडू नका. तौबा करा आणि तपासणी करा. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते. १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. सिफिलिस प्रतिजैविकाने बरा होतो. हिपॅटायटिस बी लसीने टाळता येतो. एचआयव्हीमध्ये नियमित औषधांनी विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

म्हणून अहवालात आजार निघाला तरी त्या माणसाचा निकाहचा दरवाजा बंद होत नाही. सत्य जाणून दोघे राजी असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने संसार होऊ शकतो. अशा पती-पत्नीने निरोध वापरण्यासही अडचण नाही. सहाबांच्या काळातील 'अज्ल'च्या आधारे अनेक उलमांनी त्यास परवानगी दिली आहे.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, "अहवाल जरूर मागा; पण आधी आपल्या मुलीचा घेऊन जा." ते चमकले. "माझ्या मुलीचा?" त्या दोन शब्दांतच आपले सारे दुखणे आहे. दुसऱ्याकडे मागताना जी खबरदारी वाटते, ती स्वतःवर आली की अपमान वाटू लागते. जो आधी देतो, त्याच्या मागण्यात संशय उरत नाही. ती अमानतीची देवाणघेवाण होते.

अल्लाह आपल्या घरांना हया आणि सत्य, दोन्ही देवो. आमीन.