गुणिले सतरा

वकील मॅडमनी पहिल्या भेटीत मला तीनच गोष्टी विचारल्या. वय, पगार आणि अपंगत्वाचे टक्के. मी सांगितलं, सत्तावीस, ऐंशी हजार, बारा. त्यांनी फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. ऐंशी हजार गुणिले बारा महिने, गुणिले सतरा, त्याचे बारा टक्के. १९ लाख ५८ हजार ४००. "हॉस्पिटलचं बिल, रजा आणि वेदना याशिवाय," त्या म्हणाल्या, आणि चहा मागवला.

मला ते आवडलं, हे आधी कबूल करतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इनपुट दिलं, आउटपुट आलं. दोन महिने घरात पडून "माझ्यासोबतच का" हा प्रश्न चघळल्यावर कुणीतरी त्याचं उत्तर रुपयांत काढून देतंय, याचा मोठा दिलासा होता.

तो सतरा कुठून आला, ते नंतर वाचलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात एक कोष्टक घालून दिलं. अपघातग्रस्ताचं वय २६ ते ३० असेल तर वर्षाच्या उत्पन्नाला १७ ने गुणायचं, ४१ ते ४५ असेल तर १४ ने, पासष्टीच्या पुढे ५ ने. त्याआधी प्रत्येक न्यायाधिकरण आपापल्या अंदाजाने गुणत होतं आणि सारख्याच अपघातांना वेगवेगळी भरपाई मिळत होती. म्हणजे कोष्टक आलं ते न्याय सारखा व्हावा म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्याच कोष्टकाबद्दल कुरकुरणार आहे.

अपघात २०२३ च्या जुलैमधला. रात्री साडेअकराला बाणेरहून वारज्याला रिक्षाने घरी चाललो होतो. मागून आलेल्या कारने रिक्षा उडवली. चालवणारा चोवीस वर्षांचा मुलगा होता. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. त्याचा आकडा तिच्या कितीतरी वर आला. माझ्या उजव्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड बसला. रिक्षावाल्या काकांचा उजवा गुडघा गेला. रिक्षाचे क्लच-गिअर डाव्या हातात असतात, अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हातात, पण ब्रेक उजव्या पायाखाली असतो. मला हे माहीत नव्हतं. आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेला मी.

आता ते बारा टक्के. सर्टिफिकेटवरचे बारा टक्के पायाचे असतात, माणसाचे नव्हे. आणि पाय किती गेला यावरून कमाई किती गेली हे ठरत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्पष्ट सांगितलंय. तिथलं उदाहरण डाव्या हाताचं आहे. ड्रायव्हरचा किंवा सुताराचा डावा हात गेला तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते. सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी टिकू शकते. या न्यायाने माझं नुकसान किती? मी तीन महिने पलंगावर बसून कोड लिहिला. एका दिवसाचाही पगार कापला गेला नाही. मार्चमध्ये हाइक मिळाली. जिना उतरताना पाय दुखतो, टेकडीवर जाणं बंद झालं, पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. पण कमाई? शून्य टक्के.

मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ऑनसाइटची संधी हुकली असेल ना एखादी? लिहू या तसं." तशी संधी नव्हती. आमच्या टीमची ऑनसाइट दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "बारा टक्के तसेच राहू देत. कंपनी निम्मे कापणारच आहे, आपण आधीच कापून का न्यायचे?" यावर मी काही बोललो नाही, आणि त्या गप्प बसण्याला माझी संमती समजून प्रतिज्ञापत्र टाइप झालं. त्यावर सही माझीच आहे.

काकांचा दावाही त्यांच्याकडेच होता. वय त्रेचाळीस, म्हणून गुणिले चौदा. उत्पन्नाचा पुरावा काहीच नाही. रोजचे पैसे रोज घरात. पुरावा नसला की न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरतं. मॅडमनी पंधरा हजार धरले आणि कमाईचं नुकसान चाळीस टक्के. १० लाख ८ हजार. ज्याची एक दिवसाचीही कमाई बुडाली नाही त्याचा दावा साडेएकोणीस लाखांचा, आणि ज्याला ब्रेक दाबता येत नाही त्याचा त्याच्या निम्मा. गणितात कुठेच चूक नाही. पगार गुणला की पगारातली दरीही गुणली जाते, एवढंच.

(त्या अर्जात "शुश्रूषेचा खर्च" असाही रकाना होता. आई तीन महिने गावाहून येऊन राहिली होती, तिच्या कामाचे पैसे मॅडमनी त्यात लावले. आईला सांगितलं तर ती चिडली. "माझं बिल कोणाला लावतोस?" नंतर रात्री तिने हळूच विचारलं, "किती लावलं?")

खरी गोष्ट याच्याही आधीची आहे आणि ती सांगायची म्हणूनच हा लेख. अपघातानंतर महिन्याभराने त्या मुलाचे वडील घरी आले. साधे वाटले. हातात फळांची पिशवी. म्हणाले, "सर, तुमच्याच वयाचा आहे. केस झाली तर पासपोर्ट अडकेल." आमची काही तक्रार नाही असं लिहून दिलं तर मला तीन लाख, काकांना दीड लाख, लगेच, रोख. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. फळंही परत दिली. त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

मग मी काकांना फोन केला. ते पैसे घ्यायचं म्हणत होते. मी त्यांना अर्धा तास समजावलं. हा प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. पैसेवाले असेच सुटतात. आपण दोघांनी नाही म्हटलं पाहिजे. काका ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "दादा, तुमचा पगार चालू आहे." तरी त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी शिकलेला माणूस, मला कोर्टातलं जास्त कळत असेल, असं त्यांना वाटलं असावं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी व्याजाने पैसे काढले आणि रिक्षा दुसऱ्याला चालवायला दिली.

मला नेमकं काय हवं होतं? त्या मुलाने भोगावं, हे हवं होतं. आणि भरपाईची सगळी यंत्रणा नेमकं तेच होऊ देत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने भरपाईच्या न्यायाचं जे चित्र काढलंय त्यात दोन माणसं आहेत, एकाने दुसऱ्याचं घेतलेलं असतं आणि न्यायाधीश ते परत करून दोघांना सारखं करतो. आमच्या खटल्यात तो दुसरा माणूस नावापुरता पहिला प्रतिवादी होता. बोलत होती ती विमा कंपनी. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून माझ्या नडगीचे पैसे येणार ते प्रीमियम भरणाऱ्या सगळ्यांच्या खिशातून. त्यात कधी दारूला न शिवलेले लोकही आले. चालक प्यायलेला होता म्हणून पैसे नाकारायचा प्रयत्न कंपनी करते; अशा वेळी, आधी जखमी माणसाला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा, असे आदेश न्यायालयांनी दिले आहेत. वसुली होते की नाही, तो त्यांचा प्रश्न. आणि नशेत गाडी चालवण्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या रॉडची किंमत त्याहून जास्त होती.

अ‍ॅरिस्टॉटलच मला पटेल असंही एक सांगतो. नशेत केलेल्या गुन्ह्याला काही ठिकाणी दुप्पट शिक्षा असे, कारण न पिणं माणसाच्या हातात होतं. वाचून मी मनात टाळी वाजवली होती.

२०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्श कारने दोघांना उडवलं. दोघंही इंजिनिअर, चोवीस वर्षांचे. गाडी चालवणारा अल्पवयीन, प्यायलेला असल्याचा आरोप, आणि जामिनाच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. अख्खं पुणं पेटलं होतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळ्यांत मोठ्याने मी बोलत होतो. पायात रॉड असल्यामुळे मला तो अधिकार आहे असं मी धरून चाललो होतो. सगळे उठल्यावर एक मित्र म्हणाला, "पिरंगुट आठवतं का?"

आठवत होतं. २०२१, मुळशीहून परत येताना. मी तीन बिअर प्यायलेलो, बाइक मी चालवत होतो, मागे तोच बसलेला. पिरंगुटच्या अलीकडे अंधारातून एक माणूस रस्त्यात आला. ब्रेक लागला. त्याने शिव्या दिल्या, आम्ही निघालो. सोमवारी हा किस्सा मीच सगळ्यांना हसत सांगितला होता.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ मध्ये नैतिक नशीब या विषयावर एकमेकांना धरून लिहिलं. नेगेलच्या उदाहरणांत दारू पिऊन फुटपाथवर गाडी घालणारा माणूसही आहे. फुटपाथ रिकामा असला तर तो माणूस नशीबवान, नाहीतर गुन्हेगार. त्याच्या हातात जे होतं ते दोन्ही वेळा तेच. मला हे आधी कॉलेजातल्या वादविवादाचं कोडं वाटायचं. त्या दुपारी कोडं राहिलं नाही. "दुप्पट शिक्षा" म्हणताना मी माझी अर्धी तरी धरली होती का? त्या मुलात आणि माझ्यात फरक नाही, असं मी म्हणत नाही. त्याने दोन माणसं मोडली, मी एकही नाही. पण हा फरक मी कमावलेला नव्हता. तो पिरंगुटच्या त्या माणसाच्या चालण्याचा वेग होता.

तेव्हापासून विमा कंपनीच्या पैशाबद्दलची माझी कुरकुर थोडी बदलली. माझ्या हातून तो माणूस मेला असता, तर त्याच्या बायकामुलांना माझ्या पश्चात्तापाची वाट बघावी लागू नये, माझ्या खात्यात किती आहेत यावर त्यांचं घर चालू नये. शिक्षा माझ्या मागे लावा, पण त्यांना आधी पैसे द्या. हे मला त्या बाजूने पटतं. या बाजूने, गुडघा धरून बसलेल्या काकांच्या शेजारून, अजून नीट पटत नाही. कारण काकांना ते पैसे "आधी" मिळालेच नाहीत. दोन वर्षांनी मिळाले, आणि मधली दोन वर्षं माझ्या तत्त्वाची होती.

२०२५ मध्ये शिवाजीनगर कोर्टात लोकअदालतीत तडजोड झाली. कंपनीच्या अधिकाऱ्याकडे छापील तक्ता होता, आमच्या मॅडमकडे कॅल्क्युलेटर. वीस मिनिटं. माझे ८ लाख ५० हजार, काकांचे ७ लाख २५ हजार. मुलगा आला नव्हता. त्याचं यायचं कामच नव्हतं. त्याचा फौजदारी खटला दुसऱ्या कोर्टात, पुढची तारीख.

बाहेर झाडाखाली काकांनी विचारलं, "दादा, तुमचं किती झालं?"

खोटं सांगायचं मनात आलं. मग आकडा सांगितला.

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्यातले चार व्याजवाल्याला जातील."

मी म्हटलं, वरचा फरक मी देतो, सव्वा लाख. ते माझ्याकडे बघत राहिले. "ते कशाचे?" त्यांनी विचारलं. मला पटकन सांगता येईना. भरपाई म्हणावी तर मी त्यांना धडक दिली नव्हती. दान म्हणावं तर त्यांनी मागितलं नव्हतं. "फोनवर बोललो होतो ना मी, त्याचे," एवढंच सुचलं.

रिक्षा केली. दोघं मागे बसलो. युनिव्हर्सिटी चौकाकडे जाताना प्रत्येक सिग्नलला काकांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. पैशांबद्दल ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "घरी विचारतो," म्हणाले.