क्रिया दाखवावी कशी?

संध्याकाळी मोती तलावाच्या काठाने एक फेरी मारून घरी आलो की नातवाशेजारी घटकाभर बसायचे, असा माझा अलीकडचा परिपाठ आहे. तो आठवीत आहे आणि संगणकाला आज्ञा लिहायला शिकतो आहे. मी जन्मभर गणित शिकवले. म्हणून तो मला आपल्या उद्योगात थोडेफार भागीदार करून घेतो.

परवा त्याने पायथन नावाच्या भाषेत एक फलन रचले. संख्या द्यावी आणि तिचा वर्ग मिळावा, एवढेच त्याचे काम. नावही त्याने देवनागरीत ठेवले: 'वर्ग'. कंसात ७ घातले, ४९ आले. मग त्याला काय लहर आली कोण जाणे, त्याने कंस नाही, आकडा नाही, नुसते 'वर्ग' एवढेच लिहून यंत्राला विचारले. यंत्राने एक ओळ उमटवली. हे फलन आहे, त्याचे नाव वर्ग, आणि ते अमुक ठिकाणी राहते. त्या ठिकाणाचा आकडा म्हणजे अंक आणि अक्षरे यांची एक लांबलचक माळ.

“आजोबा, ह्यां बघा! मी इचारलंय, तू काय करतंस म्हणान, तर ह्यां आपलो पत्तो सांगता!”

मी हसलो. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. का लागली नाही, ते पुढे सांगतो.

एखादी संख्या दाखवा म्हटले तर यंत्र ती दाखवते. शब्द दाखवा म्हटले तर शब्द दाखवते. पण फलन म्हणजे वस्तू नव्हे. ती करणी आहे. ती दाखवायची म्हणजे नेमके काय दाखवायचे? या प्रश्नाला भाषाभाषांनी दिलेली उत्तरे पाहिली, तर माणसांचे स्वभाव पाहिल्यासारखे वाटते. पायथन नाव आणि पत्ता सांगते. तो पत्ता म्हणजे यंत्राच्या स्मृतीतली खोली, जी पुन्हा सुरुवात केली की बहुधा बदलते. जावास्क्रिप्टला फलनाचा मजकूर मागितला, तर ती लेखकाने लिहिलेला सारा मजकूर जसाच्या तसा पुढे ठेवते. मात्र यंत्राच्या पोटातलेच फलन असेल तर 'आतले काम' एवढे सांगून तीही तोंड मिटते. ओकॅमल नावाची फ्रान्समध्ये घडलेली भाषा, आत काय जाते आणि बाहेर काय येते तेवढे सांगते. आणि हास्केल ही भाषा सरळ नकार देते. फलन छापून दाखवण्याची रीतच माझ्याजवळ नाही, असे ती कळवते.

हा नकार उद्धटपणाचा वाटेल. पण त्यामागे विचार आहे. एक फलन संख्येची दुप्पट करते, दुसरे तीच संख्या तिच्यातच मिळवते. मजकूर निराळे, पण कोणतीही संख्या द्या, उत्तर एकच. गणिताच्या दृष्टीने ही दोन फलने नव्हेतच. ते एकच फलन आहे. मजकूर छापला तर एकाच गोष्टीची दोन रूपे दिसतील आणि पाहणारा फसेल. बरे, कोणतीही दोन फलने घेऊन ती एकच आहेत की नाहीत हे यंत्रानेच ठरवावे म्हणाल, तर तशी सर्वांना लागू पडणारी रीत असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंगच्या १९३६ सालच्या निबंधाने ज्या विचाराचा पाया घातला, त्याचाच हा निष्कर्ष आहे.

मला मात्र या प्रश्नाचे मूळ फार जुने वाटते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात धातूची चर्चा करताना विचारले आहे की, क्रिया म्हणजे काय? आणि त्याचे उत्तर असे की, क्रिया मुळी दिसतच नाही. तिचा गोळा करून 'ही पाहा' म्हणून दाखवता येत नाही. ती अनुमानानेच जाणायची. साधने सारी हजर असतात, तरी कधी 'शिजवतो' म्हणता येते, कधी येत नाही. चूल दिसते, भांडे दिसते, तांदूळ दिसतात. शिजवणे दिसत नाही. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी हा ग्रंथ मराठीत आणला, म्हणून माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरालाही तो थोडाफार वाचता आला.

आता ज्यांना मुलांना शिकवायचे आहे त्यांनी काय करावे? मुलाला मजकूर दाखवला तर त्याला मजकूर म्हणजेच फलन वाटू लागते, आणि घोकंपट्टीला आपल्याकडे आधीच काही कमी नाही. पत्ता दाखवला तर यंत्राच्या घरगुती भानगडीत तो उगाच अडकतो. १९६७ साली जन्मलेली, आपल्याकडच्या अनेक शाळांतून कासव फिरवणारी लोगो ही भाषा तर नाव लिहिताच काम करून मोकळी होते. करणीचे नाव आणि करणी यांत अंतरच उरत नाही. आपल्या पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० नंतरच्या दशकात गोफर या भाषेला शिकवण्यासाठी मुरड घालून 'पुगोफर' केली होती. मूळ भाषेत फलन आणि त्याला दिलेली संख्या यांमध्ये नुसती मोकळी जागा असते. इथे त्या जागी एक टिंब ठेवले. फलन वेगळे, ते लावणे वेगळे, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांना दिसावे म्हणून!

पण मला सर्वांत भावली ती डॉक्टर रॅकेट या संचातली, नवशिक्यांसाठी पायरीपायरीने रचलेली भाषा. पहिल्या पायरीवर नुसते नाव लिहिले की ती मुलाला सांगते, बाळ, हे फलन आहे आणि याच्या आधी कंस उघडलेला नाही. वरच्या पायरीवर, म्हणजे फलन हीही हाताळण्याजोगी वस्तू आहे हे समजण्याइतके मूल मोठे झाले की, ती बिननावाचे फलन छापते. कसे? हे फलन आहे, याला एक गोष्ट द्यावी लागते, आणि पुढे तीन टिंबे. बस्स. टिंबांचा अर्थ असा की, इथे काहीतरी आहे, ते मी सांगितलेले नाही, वापरून पाहा.

ती तीन टिंबे पाहिली आणि मला एक जुना अर्ज आठवला.

मी नोकरीत नवा होतो. चितारआळीत लाखकाम करणारा एक म्हातारा कारागीर होता. लाकडाची फळे करण्यात त्याचा हात असा की, पाहुणे ताटातला आंबा उचलून नाकाशी नेत आणि ओशाळत. त्याला कर्जासाठी अर्ज करायचा होता आणि तो मी भरून देत होतो. 'कौशल्याचे स्वरूप' असा एक रकाना होता. मी विचारले, “रंग नेमका कधी धरतो ते कसे कळते?” तो म्हणाला, “मास्तर, तोंडान सांगूक येणा नाय. बसा, दाखवतंय.” त्याने यंत्रावर लाकूड फिरवले, लाखेची कांडी टेकवली. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळत गेली, लाकडाला धरत गेली. मग केवड्याच्या पानाने त्याने तिला झळाळी आणली. मी पाहिले, मान डोलावली, आणि घरी येऊन रकान्यात लिहिले: 'लाकडी खेळणी करतो. शिक्षण नाही.' काही दिवसांनी अर्ज परत आला. कौशल्याचा पुरावा दिसत नाही, असा शेरा होता.

त्या कचेरीला मी पुष्कळ दिवस मनात दोष दिला. आज तसे वाटत नाही. ज्याच्यापुढे शेकडो अर्ज येतात त्याने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बसावे, असे म्हणता येणार नाही. नाव, गाव, रकाना यांवाचून जगाचा व्यवहार चालायचा कसा? लग्नासाठी स्थळ पाहताना आपणही माणसाची एका पानाची माहितीच आधी मागतो. कागद हवाच. चूक कागदाची नव्हती. ती माझी होती. मी लिहिले त्यात खोटे अक्षर नव्हते. पण ते वाक्य मी असे पूर्णविराम देऊन संपवले होते की, वाचणाऱ्याला वाटावे, या माणसाविषयी सांगण्याजोगे एवढेच आहे. मी स्वतः त्याच्या ओट्यावर बसून पाहिले होते, आणि माझ्या अज्ञानाचा रकाना त्याच्या नावावर भरला होता.

माणसाची सारी करणी शब्दांत उतरवणे कुणाला साधणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण जे उतरले नाही ते उतरले नाही, एवढे तरी लिहिणाऱ्याने कबूल करावे. हा निव्वळ विनय नव्हे, हे कर्तव्य आहे. कारण त्या कागदापलीकडे ज्याचे पोट असते त्याला कागदापर्यंत येऊन बोलता येत नाही.

तो कारागीर जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्याने दिलेला लाकडी आंबा माझ्या टेबलावर आहे. देठापाशी थोडी लाख उडाली आहे. काल नातवाने तो हातात घेऊन विचारले, “आजोबा, ह्यो कसो करतत?”

सांगायला मी तोंड उघडले आणि थांबलो. दिवाळीच्या सुटीत त्याला चितारआळीत घेऊन जायचे ठरले आहे.