कूस बदलायला दोघी लागतात

नर्सिंगच्या एम.एस्सी.चे प्रबंध हाती आले तर नुसती शीर्षके ओळीने वाचून पाहावीत. अमुक विषयाबाबत स्टाफ नर्सच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाचा परिणाम, अशी त्यांची ठरलेली चाल. विषय तेवढा बदलतो. कधी बेडसोअर, कधी हात धुणे, कधी दवाखान्याचा कचरा. आधी प्रश्नावली, मग तासाभराचा पाठ, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात. वाढणारच! शिकवून आठवडा होत नाही तोच विचारले, तर कोणाचे वाढणार नाहीत?

नगर जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात नर्सिंगची कॉलेजे आहेत, तेव्हा संशोधन करणाऱ्या मुलींचा इथे तुटवडा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या संशोधनात परीक्षा नेहमी नर्सचीच होते, वॉर्डाची होत नाही.

बेडसोअरचेच घ्या. अर्धांगवायूचा रुग्ण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पाठ असते. आता रात्रीचे दोन वाजलेत. रुग्ण ऐंशी किलोचा. त्याला वळवायचे म्हणजे एकीने खांदा आणि कंबर धरायची, दुसरीने गुडघे. चादर ओढून घ्यायची, पाठीशी उशी लावायची, कॅथेटरची नळी अंगाखाली दबली नाही ना ते बघायचे. त्याला दोघी लागतात. ड्युटीवर सिस्टर एकटी, मावशी शेजारच्या वॉर्डात अडकलेली, तिकडे कोणाचे सलाईन संपलेले. सकाळी चार्टवर दोन, चार, सहा अशा वेळांपुढे सह्या मात्र असतात, कारण रकाना मोकळा ठेवला तर मेमो येतो. हिची प्रश्नावली तपासली तर पैकीच्या पैकी गुण. तिला सगळे ठाऊक आहे; हात दोनच आहेत.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण साध्या रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक नर्स असे आहे. सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात रात्री कधीही जाऊन खाटा मोजाव्यात. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सना किती येते हे त्यांनी तपासले नाही; तुमच्या वाट्याला किती रुग्ण होते, हे विचारले. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. असा आकडा घेऊन सरकारशी भांडता येते.

हा आकडा जसाच्या तसा इथे लागू होणार नाही, हे मान्य. आपल्या वॉर्डात तिसरा माणूस असतो तो म्हणजे नातेवाईक. कूस तोच बदलतो, बेडपॅन तोच देतो, सलाईन थांबले की धावत तोच येतो. आणि रुग्ण गेला की सिस्टरच्या अंगावर जातो तोही त्यातलाच एखादा. परदेशी साच्यातल्या प्रश्नावलीत याला रकानाच नाही. शुश्रूषेचे किती काम घरचे लोक करतात, ते नसतात तिथे काय होते, हा अस्सल आपला विषय आहे.

वेगळा प्रश्न विचारायला फार लांब जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली याच जिल्ह्यातल्या जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभारायला आले, तेव्हा त्यांनीही सुरुवातीला शिकलेली नर्स गावात ठेवून पाहिली. परक्या गावात एकटी बाई, तिला कोणी घरात घेईना, तिचे कोणी ऐकेना, जमले नाही. इथे आपल्या सवयीप्रमाणे नर्सला आणखी एक प्रशिक्षण देता आले असते. आरोळ्यांनी मांडणीच बदलली. गावानेच आपल्यातली बाई निवडायची, मग ती निरक्षर असो की दलित. त्या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत, मुक्काम करत, गावातले जन्म-मृत्यू आठवणीने सांगत. लिहून घेणारे दुसरे असत, पण माहिती त्यांची होती. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. एकट्या त्या बायांनी हे केले असे नाही. पाणी होते, शेती होती, लसी होत्या. पण मूल का गेले, हे जिने पाहिले तिला विचारण्याची रीत तिथे पडली.

जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ही रीत पोचली नाही. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या आयसीयूला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच आगीत दहा नवजात बाळे गेली होती आणि राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. नगरला काही दिवसांतच अधिकाऱ्यांबरोबर नर्सवरही कारवाई झाली. एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन नर्स अटकेत गेल्या. दोष कोणाचा हे कोर्टाने ठरवावे. पण त्या पाळीला किती खाटांमागे किती जणी होत्या, आग विझवायचे कोणी कधी शिकवले होते का, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवायला किती माणसे लागतात, हे प्रश्न आगीच्या आधी विचारायचे असतात. नंतर ते विचारले जातात ते जबाब म्हणून, आणि जबाबात बाई स्वतःला वाचवायलाच बोलणार.

हे लिहायला सोपे आहे, करायला नाही. एखाद्या मुलीने ठरवले, की चाळीस रात्री वॉर्डात घड्याळ घेऊन बसायचे, कोणाची कूस कधी बदलली आणि कोणी बदलली ते लिहायचे, तर परवानगीचे पत्र तिला त्याच अधीक्षकांकडून आणावे लागते ज्यांच्या वॉर्डाचे वाभाडे त्यातून निघणार. पुढे नोकरीही तिथेच मागायची असते. शिवाय गाईड म्हणते, बाई गं, सहा महिन्यांत पुरे होईल असा विषय घे. मग ती प्रश्नावली छापून आणते. गाईडला तरी काय बोल लावायचा. तिलाही असाच कोणीतरी विषय दिला होता.